नाडी कोण बघणार?

घरातल्या एखाद्या मुलाला एडीएचडीची गोळी सुरू झाली की त्या घरात ताबडतोब दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, मूल आहे, मस्ती करणारच. त्याला कसल्या गोळ्या देता? आमच्या वेळी असलं काही नव्हतं. दुसरा पक्ष म्हणजे बहुधा त्या मुलाचे आईबाप. ते वर्षभर शाळेतून येणाऱ्या चिठ्ठ्या, हरवलेले डबे, अर्धवट सोडलेले पेपर आणि रोज रात्रीची रडारड यांतून गेलेले असतात. या प्रश्नाला उत्तर देण्याचंही त्राण त्यांच्यात उरलेलं नसतं. मग गोळीची पाकिटं कपाटाच्या वरच्या कप्प्यात जातात, आजीआजोबा आले की त्यांचं नाव काढायचं नाही असं ठरतं, आणि वाद मिटल्यासारखा होतो.

या वादाचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. माझं म्हणणं एवढंच, की वाद भलत्याच ठिकाणी चालला आहे. गोळी द्यावी की देऊ नये यावर आपण वर्षानुवर्षं भांडतो. एकदा द्यायची ठरल्यावर मात्र तिसऱ्या वर्षी, पाचव्या वर्षी त्या मुलाचा रक्तदाब कोणी मोजला का, नाडी कोणी पाहिली का, हे विचारायला दोन्ही पक्षांतलं कोणी जागेवर नसतं.

मी डॉक्टर नव्हे. नोकरी बँकेत झाली, उरलेला वेळ कादंबऱ्यांनी खाल्ला. त्यामुळे कोणी कोणतं औषध घ्यावं हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि मी ते सांगणारही नाही. पण कर्जखात्यांवर काम केलेल्या माणसाला एक गोष्ट अनुभवाने कळते. कर्ज मंजूर करताना कागदन् कागद तपासला जातो. पुढे खातं सुरळीत चाललंय म्हटल्यावर दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी मागच्या वर्षीचाच कागद नव्या तारखेने पुढे सरकतो. गोदामात प्रत्यक्ष जाऊन पोती मोजायचा कंटाळा केला जातो. खाती बिघडतात ती बहुधा या मधल्या वर्षांत.

या औषधांचा इतिहास माहीत असला तर बरीच भीती आपोआप कमी होते, आणि जी राहते ती योग्य जागी राहते. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात मुलांसाठी एक मानसोपचार संस्था होती. तिथल्या चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी १९३७ साली तीस मुलांना बेन्झेड्रीन नावाचं ॲम्फेटामाईन दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मेंदूच्या एका तपासणीनंतर मुलांची डोकी दुखत, त्यावर उतारा म्हणून ते औषध वापरून पाहिलं होतं. डोकेदुखी फारशी थांबली नाही. पण निम्म्या मुलांचं शाळेतलं काम एकाएकी सुधारलं. मुलंच त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली. तल्लफ आणणारं औषध वळवळ्या मुलाला दिलं आणि तो एका जागी बसला, हे कोडं तेव्हापासून लोकांना चकवत आलं आहे. खरं तर गोळीने मूल गुंगत नाही. मेंदूतला लगाम धरणारा भाग जरा जागा होतो, म्हणून ते हातातल्या कामापाशी थांबू शकतं.

दुसरं औषध मिथाइलफेनिडेट. आपल्याकडे मुख्यतः हेच मिळतं, आणि तेही अमली व मनोव्यापारावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याच्या कक्षेत येत असल्यामुळे प्रत्येक दुकानात नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात सीबा कंपनीत काम करणाऱ्या लिआंद्रो पानिझोन यांनी ते १९४४ साली प्रथम तयार केलं. त्यांची पत्नी मार्गरीट हिचं लाडाचं नाव रीटा. तिचा रक्तदाब कमी असायचा, म्हणून टेनिस खेळायला जाण्याआधी ती हे औषध घ्यायची आणि तिचा खेळ सुधारायचा, असं सांगतात. तिच्या नावावरून औषधाचं नाव पडलं रिटालिन. म्हणजे हे औषध रक्तदाब वाढवतं ही कोणी शोधून काढलेली लपवाछपवी नाही. ती गोष्ट त्याच्या बारशापासूनची आहे.

ते तसं का होतं, हे समजायला सोपं आहे. मेंदूत डोपामीन आणि नॉरॲड्रिनलीन ही दोन रसायनं निरोप पोचवण्याचं काम करतात. निरोप पोचला की ती पुन्हा आत ओढून घेतली जातात. मिथाइलफेनिडेट ही परत ओढण्याची क्रिया रोखतं; ॲम्फेटामाईन त्याशिवाय आणखी रसायन बाहेर ढकलतं. पण नॉरॲड्रिनलीन काही फक्त मेंदूची जहागीर नाही. हृदयाला जलद पळायला सांगणं, रक्तवाहिन्या आवळून धरणं हेही त्याचंच काम. आपण घाबरलो की छातीत धडधडतं ते याच घराण्यातल्या रसायनांमुळे. तेव्हा मुलाचं लक्ष वहीवर आणणारी गोळी त्याच्या नाडीलाही थोडी टाच मारते. सरासरी पाहिलं तर हा परिणाम बेताचा असतो. नाडी मिनिटाला तीन ते सहा ठोक्यांनी वाढते, रक्तदाब दोन ते चार अंकांनी चढतो. एखाद्या दिवसासाठी हे काहीच नाही. जिना चढताना याहून जास्त होतं. मात्र सरासरी या शब्दावर माझा जुना राग आहे. शाखेतल्या सगळ्या खात्यांची सरासरी उत्तम असायची आणि बुडायचं ते एकच खातं. काही मुलांचा रक्तदाब मुळीच हलत नाही, काहींचा दहा-पंधरा अंकांनी चढतो. आपलं मूल त्यांतलं कोणतं हे मोजल्याशिवाय कळायचा दुसरा मार्ग नाही.

हृदयाची मोठी भीती उठली ती २००५ साली. त्या वर्षी फेब्रुवारीत कॅनडा सरकारने ॲडरॉल एक्सआर या ॲम्फेटामाईनच्या औषधाची विक्री थांबवली. निरनिराळ्या देशांतून अचानक मृत्यूच्या वीस घटना कळल्या होत्या, त्यांत चौदा मुलं होती. ऑगस्टमध्ये तज्ज्ञांनी पुन्हा तपासून विक्रीला परवानगी दिली. पुढच्याच वर्षी, २००६ च्या फेब्रुवारीत, अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या एका सल्लागार समितीने या औषधांच्या वेष्टनावर काळ्या चौकटीतला इशारा हृदयासाठी छापावा असं आठ विरुद्ध सात मतांनी सुचवलं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या समितीने, बालरोगतज्ज्ञांच्या, तेवढं टोकाला जायला नकार दिला. आठ विरुद्ध सात हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. जाणती माणसं एकाच कागदांसमोर बसून अशी दुभंगतात तेव्हा समजावं की कागद अपुरे आहेत.

२००८ सालीही तसंच झालं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने म्हटलं, गोळी सुरू करण्याआधी मुलाचा ईसीजी काढावा. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने म्हटलं, सरसकट गरज नाही. आधी नीट विचारपूस करा, छाती तपासा. शेवटी दोघांनी मिळून खुलासा केला की ईसीजीचा विचार करणं वाजवी आहे, पण तो काढलेला नाही म्हणून मुलाचं औषध अडवू नये. आपल्याकडच्या पालकांच्या कानावर या भांडणातला पहिला अर्धाच भाग येतो. कोणीतरी परदेशातला नातेवाईक फोनवर सांगतो, अहो, त्या गोळ्यांनी हार्ट बंद पडतं. झालं.

मग २०११ साली दिलासा देणारा मोठा अभ्यास आला. अमेरिकेतली दोन ते चोवीस वयाची बारा लाखांहून अधिक मुलं आणि तरुण त्यात होते. अचानक हृदय थांबणं, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात अशा गंभीर घटना सगळ्या मिळून एक्क्याऐंशी निघाल्या, म्हणजे वर्षाला लाखात सुमारे तीन. गोळी घेणाऱ्यांत त्या अधिक नव्हत्या. भीती घालणाऱ्यांनी हा आकडा पाठ करून ठेवावा असा आहे. पण याच अभ्यासातलं आणखी एक गणित कोणी फारसं सांगत नाही. मुलांची संख्या आणि एकूण निरीक्षणाची वर्षं यांचा भागाकार केला तर एकेका मुलाच्या वाट्याला जेमतेम दोन वर्षं येतात. दोन वर्षांत काय होतं याचं उत्तर मिळालं. नवव्या वर्षी सुरू झालेली गोळी पंचविसाव्या वर्षीही चालू असेल तर काय, हा प्रश्न तसाच राहिला.

अमेरिकेतच नव्वदीच्या दशकात सुरू झालेल्या एका अभ्यासातल्या मुलांना पुढे दहा वर्षं पाहिलं गेलं. त्यांच्यात गोळीमुळे रक्तदाबाचा विकार वाढल्याचं दिसलं नाही. नाडीच्या वेगावर मात्र औषधाची खूण राहिली होती. पण ती मुलं सहाशेच्या आतच होती.

लांब पल्ल्याचा आकडा मिळाला तो २०२३ च्या नोव्हेंबरात, स्वीडनमधून. त्या देशात प्रत्येक नागरिकाची औषधं, आजार, दवाखान्यातल्या भेटी सगळं एका क्रमांकाखाली नोंदलेलं असतं. हिशेबाच्या माणसाला हेवा वाटावा अशी ती खातेवही. कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी सहा ते चौसष्ट वयाच्या पावणेतीन लाखांहून अधिक लोकांच्या चौदा वर्षांच्या नोंदी तपासल्या. हृदय आणि रक्तवाहिन्यांचा आजार झालेले दहा हजारांहून जास्त निघाले. त्यांच्याशी वयाने, लिंगाने जुळणारे पण आजार न झालेले पन्नास हजारांहून जास्त लोक शेजारी ठेवले आणि कोणी किती वर्षं गोळी घेतली ते पाहिलं. ज्यांनी मुळीच घेतली नव्हती त्यांच्या तुलनेत पाच वर्षांहून अधिक घेणाऱ्यांत अशा आजारांची शक्यता सुमारे तेवीस टक्क्यांनी जास्त दिसली. त्यांतही उच्च रक्तदाबाची शक्यता सुमारे ऐंशी टक्क्यांनी, आणि शरीरातल्या धमन्यांच्या आजाराची जवळपास पन्नास टक्क्यांनी जास्त. हृदयविकाराचा झटका, हृदय निकामी होणं, ठोक्यांची अनियमितता, पक्षाघात यांच्याशी मात्र ठळक संबंध दिसला नाही.

वर्तमानपत्रात ऐंशी टक्के हा शब्द मोठ्या अक्षरांत छापला जातो, म्हणून थोडं थांबून सांगतो. समजा, एखाद्या वयोगटातल्या शंभरांपैकी दोघांना रक्तदाब होणार असेल, तर ऐंशी टक्के वाढ म्हणजे ते दोनाचे चारसुद्धा होत नाहीत. घाबरून गोळ्या गटारात ओतण्यासारखं त्यात काही नाही. शिवाय ज्यांना जास्त वर्षं गोळी लागते त्यांचा मूळ त्रासच मोठा असू शकतो. त्यांच्यात धूम्रपान, वेडंवाकडं खाणं, अपुरी झोप यांचं प्रमाण अधिक असतं. संशोधकांनी जमेल तेवढा हा फरक वजा केला, तरी सगळा वजा होत नाही. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं होत नाही, हे त्यांनीही लिहून ठेवलं आहे. आणखी एक बारकावा मला लक्षणीय वाटला. धोका दरवर्षी चक्रवाढ व्याजासारखा फुगत गेला नाही. पहिल्या तीन वर्षांत तो चढला आणि पुढे जवळपास सपाट राहिला. म्हणजे डोळे उघडे ठेवायचे ते सुरुवातीच्याच वर्षांत. आपण नेमके तेव्हाच, मार्क सुधारले या आनंदात, निर्धास्त असतो.

गोळी बंद करा म्हणणाऱ्यांसाठी स्वीडनच्याच नोंदींतून २०२४ साली दुसरा हिशेब आला. एडीएचडीचं निदान झालेल्या जवळजवळ दीड लाख लोकांत ज्यांनी औषध सुरू केलं त्यांच्यात दोन वर्षांत दहा हजारांमागे एकोणचाळीस मृत्यू झाले. ज्यांनी केलं नाही त्यांच्यात अठ्ठेचाळीस. हा फरक मुख्यतः अपघात, विषबाधा अशा अनैसर्गिक मृत्यूंतला होता. रस्ता न बघता धावणारं मूल, वेगाचं भान नसलेला मोटरसायकलवरचा तरुण डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. औषध न देण्यालाही किंमत असते. ती आपल्या घरी नावे पडत नाही इतकंच. म्हणून सांगतो, हा लेख वाचून कोणी सुनेच्या हातातली गोळी काढून घेऊ नये.

आता आपल्या घरांकडे येतो. स्वीडनच्या नोंदी स्वीडनच्या लोकांच्या. आपली हृदयं वेगळ्या मुशीतली आहेत. बावन्न देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरीने त्रेपन्नाव्या वर्षी आल्याचं दिसलं; इतर ठिकाणी तेच वय जवळपास एकोणसाठ होतं. सहा वर्षांचा हा फरक आपण प्रत्येकजण ओळखीच्या घरांत पाहिलेला आहे. रिटायरमेंटची पार्टी न पाहिलेले सहकारी मला बोटांवर मोजता येणार नाहीत. ज्या घरात बापाला पन्नाशीत स्टेंट बसलेला आहे, काकाला मधुमेह आहे, त्या घरातल्या मुलाचा रक्तदाब पंधराव्या वर्षापासून चार अंकांनी वर राहिला तर त्याचा अर्थ स्टॉकहोमच्या मुलाइतकाच धरायचा का? अशा घरात मोजणं अधिक वेळा व्हावं, एवढं म्हणायला मला डॉक्टर असण्याची गरज वाटत नाही.

गोळी लिहून देण्याआधी जाणकार डॉक्टर काही ठरावीक प्रश्न विचारतो. मूल खेळताना चक्कर येऊन पडलं आहे का? छातीत दुखतं, धडधडतं, बरोबरीच्या मुलांपेक्षा जास्त धाप लागते का? लहानपणी हृदयात काही आवाज ऐकू आला होता का? आणि सर्वांत महत्त्वाचं, घरात जवळचं कोणी चाळिशीच्या आत अचानक गेलं आहे का? कारण काही मुलांच्या हृदयात जन्मजात असा काही दोष असतो, स्नायू जाड होण्याचा किंवा ठोक्यांच्या विद्युतप्रवाहाचा, की तो वरून दिसत नाही. पण अशा हृदयाला टाच मारणं धोक्याचं ठरू शकतं. हे दोष बऱ्याचदा घराण्यात चालत येतात. त्यांचा सुगावा कागदपत्रांत नसतो, तो नातेवाइकांच्या आठवणीत असतो.

आणि इथेच आमची पिढी आडवी येते. आपल्याकडे तरुण मृत्यूची खरी हकिगत सांगायची नाही असा अलिखित नियम आहे. अमका बत्तिसाव्या वर्षी झोपेत गेला, तर त्याला दृष्ट लागली होती. तमकी विहिरीत पोहताना बुडाली, तर तिला पाण्याची ओढ होती. एखाद्या मुलाला वारंवार फिट यायच्या. त्या आकडीच्या होत्या की हृदयाचा ठोका चुकून तो पडायचा, हे कोणी तपासलंच नाही. आणि मग घरात लग्नाची मुलगी असते. स्थळ येतं. तेव्हापासून तो काका वंशावळीतून जवळजवळ पुसला जातो. सुनेला तर काही सांगायचंच नाही, ती बाहेरून आलेली. वीस वर्षांनी त्याच सुनेला डॉक्टर विचारतात, घरात कोणी अचानक गेलं आहे का? ती प्रामाणिकपणे नाही म्हणते. फाईलवर नाही अशी खूण होते. ज्या आजोबांना हो माहीत असतं ते त्या वेळी बाहेरच्या खोलीत बसून, या गोळ्या कशाला, म्हणून कुरकुरत असतात.

मला हे फार विचित्र वाटतं. जो वाद आजोबांच्या आवाक्यातला नाही त्यात ते हिरिरीने बोलतात, आणि जी माहिती त्यांच्याशिवाय कोणापाशी नाही ती गिळून बसतात.

लपवाछपवी दुसऱ्या बाजूनेही चालते. गोळीची गोष्ट घरातल्या थोरांपासून लपवली जाते तशी ती नेहमीच्या डॉक्टरांपासूनही लपते. मानसोपचारतज्ज्ञ एकीकडे, फॅमिली डॉक्टर दुसरीकडे, आणि दोघांच्या फायली एकमेकींना कधी भेटत नाहीत. मुलाला सर्दी होते, चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध दिलं जातं. त्यातले काही घटक स्वतःच रक्तदाब चढवणारे असतात. कॉलेजात गेल्यावर तोच मुलगा रात्री जागायला कॉफीवर कॉफी पितो, जिममध्ये कोणी दिलेली स्फूर्तीची पावडर घेतो. प्रत्येकाने आपापली टाच मारायची आणि घोड्याकडे कोणी बघायचं नाही, असा हा प्रकार. परीक्षेच्या हंगामात मित्राची गोळी उसनी घेऊन रात्र काढणारे महाभाग असतात त्यांच्याबद्दल तर काय बोलावं! ज्याचं हृदय कोणी तपासलेलं नाही, ज्याची मात्रा कोणी ठरवलेली नाही, तो सर्वांत जास्त धोका पत्करतो, आणि तोही एका पेपरासाठी.

मोजण्याची गोष्ट तशी साधी आहे. तरी ती का होत नाही याचं एक बारीकसं कारण आहे. आपल्याकडे मुलांचं बीपी घ्यायची पद्धतच नाही. मूल म्हटलं की वजनकाटा, उंचीची पट्टी, घशात बॅटरी. बीपी म्हणजे मोठ्यांचं दुखणं. बऱ्याच दवाखान्यांत दंडाला गुंडाळायचा पट्टा एकाच मापाचा असतो, मोठ्या माणसाचा. बारीक दंडाला तो मोठा होतो आणि आकडा खरा असतो त्याहून कमी दाखवतो. म्हणजे मोजूनही फसवणूक. लहान मापाचा पट्टा वेगळा मिळतो आणि तो काही फार महाग नसतो. ज्या डॉक्टरांकडे अशी मुलं येतात त्यांच्या टेबलावर तो असायला हवा. नसेल तर पालकांनी संकोच न करता विचारावं. मुलाचा आकडा मोठ्यांच्या एकशेवीस-ऐंशीच्या मापाने वाचूनही चालत नाही. तो वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावरून तक्त्यात पाहावा लागतो.

इंग्लंडमध्ये २०१८ पासून लागू असलेल्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत. औषध सुरू करण्याआधी, दर वेळी मात्रा बदलली की, आणि पुढे दर सहा महिन्यांनी नाडी आणि रक्तदाब मोजायचा. उंची-वजनाची नोंद ठेवायची. वर्षातून एकदा बसून, हे औषध अजून लागतं आहे का, याचा नव्याने विचार करायचा. सगळं ठीक असेल तर ईसीजीसुद्धा सक्तीचा नाही. हे वाचून मला आमच्या जुन्या नूतनीकरणाची आठवण झाली, जसं ते पुस्तकात लिहिलेलं असायचं तसं. आपल्याकडे प्रत्यक्षात काय होतं? तज्ज्ञांची वेळ मिळत नाही, त्यांचं शहर दूर असतं, औषध एखाद्याच दुकानात मिळतं. बाप गावी, आई नोकरीवर. मग जुनी चिठ्ठी दाखवून, फोनवर बोलून, नवी चिठ्ठी मिळवली जाते. मूल दवाखान्यात जातच नाही. गोदाम न बघता मर्यादा वाढवल्यासारखं आहे हे. निदान त्या चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात त्या दिवसाचा रक्तदाब आणि नाडी लिहिल्याशिवाय पुढचे महिने लिहून द्यायचे नाहीत, एवढी शिस्त डॉक्टरांनी लावली आणि पालकांनी ती जाच मानली नाही, तर पुष्कळ साधेल. दूर असाल तर जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन दोन आकडे घ्या आणि ते कळवा. आकडा चढलेला दिसला तरी लगेच आकाश कोसळत नाही. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं. बदलीचं ॲटोमोक्सेटिन हे औषधही नाडी वाढवू शकतं, तेव्हा तिथेही मोजणं सुटत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एक काकू दरवर्षी सहा महिने न्यू जर्सीला लेकीकडे असतात. नातू अकरा वर्षांचा, चार वर्षांपासून गोळी घेतो. पूर्वी त्या परत आल्या की तक्रार करायच्या. जेवत नाही, वाळला आहे, त्या गोळ्यांनी भूक मेली. लेक म्हणायची, आई, तू यात पडू नकोस. यंदा त्या जरा वेगळं सांगत होत्या. लेकीने त्यांना डॉक्टरांकडे सोबत नेलं. तिथल्या नर्सने नातवाचं बीपी घेतलं आणि मग काकूंना विचारलं की तुमच्या माहेरी, सासरी हृदयाचं कोणाला काय झालं होतं. काकूंनी इंग्रजीत जमेल तसं सांगितलं. दिराचं सांगितलं, जे लेकीलाही माहीत नव्हतं. नर्सने सगळं लिहून घेतलं आणि मुलाचा ईसीजी काढायला सांगितला. तो चांगला आला. गोळी चालू आहे. काकूंची तक्रारही चालू आहे, भुकेची. पण आता लेक त्यांना दर भेटीला नेते म्हणे.

हे काम न्यू जर्सीला जाऊनच करावं असं नाही. एक दोनशे पानी वही पुरते. वरच्या तीन पिढ्यांची नावं, आणि प्रत्येकापुढे कोणत्या वयात गेले, कोणत्या साली गेले, आणि त्या वेळी काय करत होते. शेवटचा रकाना महत्त्वाचा. पळताना कोसळणं, पोहताना बुडणं, झोपेत जाणं, या प्रत्येकातून हृदयाच्या डॉक्टरला वेगवेगळं काही कळतं. आमच्या घराण्याची वंशावळ वडिलांनी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली आहे. तीत आजोबांच्या धाकट्या भावाच्या नावापुढे वय सव्वीस आणि अकस्मात एवढेच शब्द आहेत. ते नदीत पोहत होते की रात्री झोपेत गेले, हे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती आता उरली आहे, माझी नव्वदीची आत्या. ऐकू कमी येतं, पण जुनं सगळं लख्ख आठवतं. पुढच्या रविवारी मी वही घेऊन तिच्याकडे जाणार आहे.